दोन शब्दांमधली रेघ



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते त्यांना आपण सर्वजण नुसते ‘सर’ म्हणत आलो. शाळेत सर पुष्कळ होते. गणिताचे होते, भूगोलाचे होते, व्यायामाचे होते. पण मागेपुढे काही न लावता कोणी ‘सर’ म्हटले की इंग्रजीच्या सरांचाच बोध होई. दांडिया बाजारातून सुरसागराकडे जाताना आजही एखादा जुना विद्यार्थी भेटतो आणि आमचे बोलणे तिसऱ्या वाक्याला सरांवर येऊन थांबते. या व्यासपीठावरून यापूर्वी प्राध्यापक बोलले, न्यायमूर्ती बोलले. मी त्या मालिकेतला नव्हे. माझे आयुष्य वडोदऱ्यातील कचेऱ्यांमध्ये इंग्रजी मसुदे लिहिण्यात गेले. तेव्हा भाषाशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. सरांनी जे शिकवले आणि त्यातले जे मी नीट शिकलो नाही, त्याविषयीच बोलण्याचा आहे.

सरांची एक पद्धत आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ते फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढीत आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक इंग्रजी शब्द लिहीत. दोन्ही एकमेकांचे भाऊबंद शोभावेत असे. मग आम्हांकडे वळून म्हणत, “अर्थ सांगू नका. अर्थ गाईडात आहे. मला असं वाक्य सांगा, ज्यात डावा शब्द बसेल आणि उजवा बसणार नाही.” वर्ग डोके खाजवू लागे. एकदा ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ ही जोडी होती. दोहोंचा अर्थ ‘सुरू करणे’. रेघ कुठे ओढायची? शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या वडिलांचे स्कूटर दुरुस्तीचे दुकान होते, उठून म्हणाला, “सर, स्कूटर स्टार्ट होते, बिगिन होत नाही.” सरांनी खडू त्याच्या हातात दिला आणि वाक्य त्यालाच फळ्यावर लिहायला लावले. त्या मुलाने इंग्रजीत त्यापूर्वी कधी शाबासकी मिळवल्याचे मला स्मरत नाही.

एकाच अर्थाचे दोन शब्द भाषा कशासाठी बाळगते, हा प्रश्न तेव्हा आम्हांला पडला नव्हता. पुढे पडला. इंग्रजीपुरते त्याचे पहिले उत्तर इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबाराची, न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. न्यायालयातील वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा करायला १३६२ साल उजाडले. या तीनशे वर्षांत फ्रेंच शब्द इंग्रजीत मुरले. त्यानंतर विद्वानांनी थेट लॅटिनमधून शब्द आणले. परिणाम असा की एकच लॅटिन शब्द दोन वाटांनी, दोन वेगळ्या वेषांत घरात आला. ‘फ्रेल’ आणि ‘फ्रॅजाइल’ हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे वंशज. पहिला फ्रेंचांच्या तोंडी झिजून आला, दुसरा पोथीतून जसाच्या तसा. आता एकाच घरात दोघांना ठेवायचे तर कामे वाटून द्यावी लागतात. म्हातारी आजी ‘फ्रेल’ होते. काचेची बरणी ‘फ्रॅजाइल’ असते. ‘लॉयल’ आणि ‘लीगल’ यांची गोष्ट याहून नवलाची. दोहोंचे मूळ एक, ‘कायद्याला धरून असलेला’. एक शब्द निष्ठेकडे गेला, दुसरा कायद्यापाशीच राहिला. निष्ठा आणि कायदा यांची फारकत किती वेळा होते हे ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना मी सांगायला नको.

कधी तर दोन शब्दही नसतात. एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जातो आणि लिहिण्यातल्या फरकाला अर्थ चिकटतो. फूल या अर्थाचा ‘फ्लॉवर’ आणि पीठ या अर्थाचा ‘फ्लाउअर’ हे मुळात एकच. दळलेल्या गव्हाचा जो उत्तम भाग, ते गव्हाचे ‘फूल’. आपल्याकडचे सपीट म्हणा. डॉ. जॉन्सनचा प्रसिद्ध कोश १७५५ मध्ये निघाला, त्यातही या दोहोंची वेगळी नोंद नाही. ‘ह्यूमन’ आणि ‘ह्यूमेन’ हेही असेच. अठराव्या शतकापर्यंत तो एकच शब्द होता. मग एकाने ‘मानवी’ हा अर्थ घेतला आणि दुसऱ्याने ‘माणुसकीचा’. माणूस असणे आणि माणुसकी असणे या दोन गोष्टी आहेत, हे इंग्रजांना वर्तनातून आधीच कळले असावे. लिपीत उतरायला वेळ लागला.

हे सारे ऐकून कोणाला वाटेल की ही इंग्रजीचीच खोड आहे. तसे नाही. आपल्या मराठीत हाच व्यवहार घरोघरी चालतो. संस्कृतातला ‘क्षेत्र’ हा शब्द झिजून ‘शेत’ झाला, पण मूळचा शब्दही आपण ठेवून घेतला. मग पंढरपूर क्षेत्र झाले आणि ज्वारी शेतात राहिली. ‘कर्म’ झिजून ‘काम’ झाले. काम संध्याकाळी संपते, कर्म संपत नाही. सर्वांत बोलका दाखला ‘गर्भिणी’ आणि ‘गाभण’ यांचा. एकच शब्द, एकच अवस्था. पण बाईला गाभण म्हणून पाहा, घरात राहणे कठीण होईल. इंग्रजीतल्या ‘फ्रेल’ व ‘फ्रॅजाइल’ यांच्यात चूक केली तर फार तर हसू होते. आपल्या जोडीत भांडण होते. सर म्हणत असत की ज्याला गाभण आणि गर्भिणी यांतला भेद न शिकवता कळतो, त्याला इंग्रजी शब्दांतला भेद कळणार नाही असे मानणे हा आळस आहे.

तथापि, याच्या उलटही एक व्यवहार असतो आणि तो सांगितला नाही तर चित्र एकांगी होईल. मृत्युपत्राला इंग्रजीत ‘विल अँड टेस्टमेंट’ म्हणण्याची जुनी रीत आहे. एक शब्द इंग्रजी, दुसरा लॅटिन कुळातला. दोहोंत भेद करण्याचा हेतू नाही. दोन भाषांच्या लोकांपैकी कोणालाच शंका राहू नये म्हणून दोन्ही शब्द शेजारी बसवले. आपले ‘बाजारहाट’, ‘धनदौलत’, ‘कागदपत्र’ याच जातीचे. एक शब्द फारसी-अरबीकडून, एक संस्कृताकडून. आणि मध्ये रेघ नाही.

खरी अडचण कोठे येते? जेथे इंग्रजीने रेघ ओढली आहे आणि मराठीत एकाच शब्दाने दोन्ही अंगांची कामे करावी लागतात, तेथे. ‘बालिश’ आणि ‘बालसुलभ’ हे दोन्ही आपल्याकडे आहेत म्हणून ‘चाइल्डिश’ आणि ‘चाइल्डलाइक’ यांत आपण फारसे चुकत नाही. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे आर्थिक, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचा, हेही जमते. पण ‘हिस्टॉरिकल’ आणि ‘हिस्टॉरिक’ यांना आपण एकच ‘ऐतिहासिक’ शब्द देतो. महाराजा सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या राज्याला लागू केले. ती घटना ‘हिस्टॉरिक’. तिने इतिहास घडवला. त्या वर्षी एखाद्या खेड्यातल्या मास्तरने हजेरीपटात ज्या रेघोट्या ओढल्या त्या ‘हिस्टॉरिकल’. त्यांनी काही घडवले नाही, पण इतिहासकाराला त्या लागतात. आमच्या वर्तमानपत्रांत मात्र पुलाचे उद्घाटनही ऐतिहासिक, सभेतली गर्दीही ऐतिहासिक. हा दोष शब्दाच्या गरिबीचा की आमच्या उत्साहाचा, हे मी सांगू शकत नाही.

याच सयाजीरावांच्या राज्यात या अडचणीची जाण होती. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी अशा अनेक भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडणारा ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश येथे १९३१ मध्ये निघाला. शब्दाला शब्द दिला म्हणजे काम भागत नाही, चार भाषांत तो कसा वळतो हे पाहावे लागते, ही दृष्टी त्यात आहे.

आता ज्या जोडीवर सरांचा सर्वाधिक जीव होता तिच्याकडे येतो. ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’. ‘इंटरेस्ट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, गोडी आणि हितसंबंध. ज्याला गोडी नाही तो ‘अनइंटरेस्टेड’; ज्याचा हितसंबंध नाही तो ‘डिसइंटरेस्टेड’. सर क्रिकेटचा दाखला देत. सामन्याला पंच ‘डिसइंटरेस्टेड’ हवा, म्हणजे कोणता संघ जिंकला तरी त्याचे काही जाता-येता कामा नये. पण उत्तरायणाच्या दिवसांत जो पंच चेंडूकडे न पाहता आकाशातल्या पतंगांकडे पाहत उभा राहतो तो ‘अनइंटरेस्टेड’. पहिला मिळाला तर त्याचे पाय धरावेत. दुसऱ्याला घरी पाठवावे. आज इंग्रजी बोलणारे पुष्कळ लोक, खुद्द इंग्लंड-अमेरिकेतलेही, पहिला शब्द दुसऱ्याच्या अर्थाने वापरतात, आणि व्याकरणाचे कैवारी त्यावर संतापतात. गंमत अशी की सतराव्या शतकात हे दोन्ही शब्द नेमके उलट अर्थांनी वापरलेले सापडतात. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती आणि ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे गोडी नसलेला. पुढे त्यांनी जागा बदलल्या. म्हणजे आजचा अडाणी बोलणारा नकळत सतराव्या शतकाची भाषा बोलत असतो.

सर येथे थांबत नसत. ते फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात देवनागरीत ‘उदासीन’ असा शब्द लिहीत. ‘उद्’ अधिक ‘आसीन’, बाजूला, अलिप्त बसलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजमंडळाचे वर्णन आहे, त्यात शत्रू आहे, मित्र आहे, मध्यम आहे आणि ‘उदासीन’ही आहे. तो दुबळा नव्हे किंवा कंटाळलेला नव्हे. उलट तो बलवान आहे आणि झगड्याच्या बाहेर आहे. गीतेतही हा शब्द गौरवाने येतो. आणि आजची मराठी? ‘प्रशासन उदासीन आहे’ म्हणजे प्रशासनाला पर्वा नाही. संध्याकाळी उदास वाटते म्हणजे मन खिन्न होते. ‘डिसइंटरेस्टेड’ ज्या वाटेने घसरला त्याच वाटेने आपला ‘उदासीन’ घसरला. आधी अलिप्त, मग बेपर्वा, मग खिन्न. जुना अर्थ टिकून राहिला तो एका अनपेक्षित ठिकाणी, मराठी माध्यमाच्या रसायनशास्त्रात. आम्लही नाही आणि आम्लारीही नाही असे द्रावण तेथे ‘उदासीन’ असते. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत कौटिल्य अजून जिवंत आहे, असे सर म्हणत.

दोन समाज, ज्यांचा परस्परांशी तेव्हा काही संबंध नव्हता, त्यांच्या भाषांत हा एकच अर्थ असा एकाच दिशेने का ढळावा? मला वाटते, ज्याचा स्वार्थ नाही त्याला आस्थाही नसणार असे आपण मनातून धरून चालतो. स्वार्थाशिवाय आस्था असू शकते हे मान्य करणे लोकांना जड जाते, आणि शब्दावर त्याचा वळ उमटतो. हे माझे अनुमान आहे; पंडितांनी खोडून काढावे.

कायद्याच्या भाषेतली एक जोडी येथे सांगितलीच पाहिजे, कारण वडोदऱ्यात अनेक वर्षे न्यायमंदिराच्या पायऱ्यांवर मी ती चुकीच्या अर्थाने ऐकली. ‘डिसप्रूव्ह्ड’ आणि ‘नॉट प्रूव्ह्ड’. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचा मसुदा सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी केला, त्यात या दोहोंच्या व्याख्या स्वतंत्र आहेत. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही त्या तशाच आहेत. गोष्ट घडली नाही अशी न्यायालयाची खात्री झाली, किंवा ती घडली नसल्याचा संभव इतका मोठा की शहाण्या माणसाने तसे धरूनच चालावे, तर ती ‘डिसप्रूव्ह्ड’, नासाबीत. घडली असेही ठरले नाही आणि नाही असेही ठरले नाही, तर ती ‘नॉट प्रूव्ह्ड’. पहिल्यात न्यायालय काही जाणते. दुसऱ्यात ते आपले न जाणणे कबूल करते. पण निकालानंतर बाहेर कोणी पुसले की आपण दोन्हींना ‘सिद्ध झाले नाही’ म्हणतो, आणि ऐकणारा आपल्या सोयीप्रमाणे घेतो. आरोपीचे नातलग म्हणतात, तक्रार खोटी ठरली. फिर्यादीचे नातलग म्हणतात, सुटला. दोन्ही घरांत पुढची वीस वर्षे त्या एका वाक्यावर निघतात.

आता मला माझ्याविषयी सांगायचे आहे. सरांनी एकदा ‘कंटिन्युअस’ आणि ‘कंटिन्युअल’ ही जोडी घेतली होती. त्या दिवशी त्यांनी दोन वस्तू सांगितल्या: तेलाची धार आणि देवळाची घंटा. तेल एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना धार तुटत नाही. आपल्या आचार्यांनी अखंड ध्यानाला तैलधारेचीच उपमा दिली आहे. ते ‘कंटिन्युअस’. घंटा दिवसभर वाजत राहते, पण मध्ये थांबून थांबून, ते ‘कंटिन्युअल’. मी हे वहीत सुंदर अक्षरात लिहून घेतले. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस असे.

१९७८ मध्ये मी एका कचेरीत आस्थापना शाखेत होतो. तेथला एक पट्टेवाला नोकरीत असतानाच वारला. त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचे, त्यासाठी सेवेचा दाखला इंग्रजीत करायचा होता. मसुदा माझा. मी लिहिले की हा इसम अमुक तारखेपासून मृत्यूपर्यंत ‘कंटिन्युअली’ सेवेत होता. साहेबांची सही झाली, जावक क्रमांक पडला. दोन महिन्यांनी हिशेब तपासणाऱ्यांकडून कागद परत आला. शेरा एका ओळीचा: सेवेत ज्या ज्या वेळी खंड पडला त्यांच्या तारखा कळवाव्यात. खंड पडलाच नव्हता! पण आता तो पडला नाही हे सिद्ध करायचे होते. आरंभीची तीन वर्षे तो हंगामी होता, त्या काळचे सर्व्हिस बुक दुसऱ्या शाखेत, ती शाखा दुसऱ्या इमारतीत गेलेली. माझ्या एका शब्दापायी नऊ महिने गेले.

त्या नऊ महिन्यांत ती बाई दर सोमवारी येई. बरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा. बाकावर बसे, पाणी दिले तर पिई, नाहीतर मागत नसे. एकदा म्हणाली, “भाऊ, ते तर ताप असला तरी कामावर जायचे. खंड कुठून पडला?” मी सांगितले, “कागदात थोडी अडचण आहे, बाई. होईल.” ‘कागदात’ म्हणालो. कागद कोणी लिहिला हे बोललो नाही.

काम मार्गी लागल्यावर मी सरांकडे गेलो. तोवर ते निवृत्त झाले होते. मला वाटले होते, ते हळहळतील किंवा रागावतील. त्यांनी आधी कपाटातून फाउलरचे १९२६ सालचे इंग्रजी वापराचे पुस्तक काढले आणि ती नोंद मला वाचायला लावली. खरे सांगायचे तर जुन्या इंग्रजीत ‘कंटिन्युअल’चा अर्थ ‘न तुटणारा’ असाही होता आणि कोशांनी तो नोंदवला आहे. शेरा मारणारा भाषेपेक्षा कडक होता. मला हायसे वाटले, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे. सरांनी पुस्तक मिटले आणि विचारले, “चूक तुझी होती हे तिला सांगितलंस का?”

मी गप्प राहिलो. सर म्हणाले, “मग कोशाचं काय घेऊन बसलास?”

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेलो. सांगितले. शब्द कोणता, त्यात काय बिघडले, हे तिला समजावण्याचा मी प्रयत्न केला. तेल आणि घंटाही सांगून पाहिली. तिने ऐकून घेतले. रागावली नाही, बरे केलेत असेही म्हणाली नाही. मुलाला हाक मारून म्हणाली, “ऐकलंस ना? वडिलांच्या नोकरीत खंड नव्हता. हे साहेब स्वतः सांगायला आलेत.” तेव्हा माझ्या ध्यानात आले की नऊ महिने त्या घराला पैशांची वाण होतीच, पण त्याहून एक गोष्ट होती. सरकारी कागदाने त्या माणसाच्या कामावर संशय घेतला होता, आणि तो संशय माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेला होता.

त्यानंतर सत्तावीस वर्षे मी मसुदे लिहिले. दाखला लिहिताना मी ‘कंटिन्युअली’ आणि ‘कंटिन्युअसली’ दोन्ही टाळू लागलो आणि सरळ ‘विदाउट एनी ब्रेक’ असे लिहू लागलो. हाताखालच्या तरुणांना ते बाळबोध वाटे. वाटो. जेथे रेघ पुसट झाली आहे तेथे आपण एकट्याने ठळक दिसते म्हणून भागत नाही. वाचणाऱ्यालाही दिसली पाहिजे. ‘डिसइंटरेस्टेड’बद्दलही आज मी हेच करीन. निबंधात वापरीन, अर्जात नाही.

सरांच्या कुटुंबीयांनी ते फाउलरचे पुस्तक माझ्याकडे दिले होते. त्यात ‘जोड्या आणि सापळे’ अशा अर्थाचे एक टिपण आहे; त्याच्या समासात सरांनी पेन्सिलीने मराठी शब्द लिहून ठेवले आहेत. काही ठिकाणी प्रश्नचिन्हे आहेत, म्हणजे रेघ त्यांनाही सापडली नव्हती. ते पुस्तक आज मी शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. विद्यार्थ्यांनी ते कपाटाबाहेर काढावे, प्रश्नचिन्हांच्या ठिकाणी वाक्ये शोधावीत, पेन्सिलच वापरावी. पुस्तकाची बांधणी आता ‘फ्रॅजाइल’ झाली आहे आणि ते देणारा ‘फ्रेल’, तेव्हा दोघांनाही सांभाळून घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.